घंटा रोमला गेलेल्या असताना

मोंतारेलच्या कॅथेड्रलच्या उत्तर मनोऱ्याला तीनशे अकरा पायऱ्या आहेत, आणि सोलांजच्या डाव्या गुडघ्याला त्या सगळ्या पाठ होत्या. कुठली पायरी मधोमध झिजली आहे, कुठली बुटकी आहे, कुठे भिंतीच्या फटीतून वारा नेमका कानात शिरतो, हे तिने डोळे मिटून सांगितलं असतं. सत्ताविसाव्या वर्षी तिने वडिलांच्या हातून मनोऱ्याची किल्ली घेतली. आता ती अठ्ठावन्न वर्षांची होती.

काम म्हटलं तर सोपं होतं. गावाला येणाऱ्या पाहुण्यांना वर न्यायचं, चार घंटा दाखवायच्या, सज्जातून खालची घरं, नदी आणि स्टेशन दाखवायचं आणि सगळ्यांना सुखरूप खाली आणायचं. पाहुण्यांचे स्वभाव तिला त्यांच्या श्वासांवरून कळत. जर्मन लोक पायऱ्या मोजत चढत आणि वर पोचल्यावर तिच्या आकड्याशी ताळा करून घेत. इंग्रजांचा खांदा भिंतीला घासला तर ते भिंतीची माफी मागत. पॅरिसची मंडळी पहिल्या शंभर पायऱ्या बोलत, पुढच्या शंभर गप्प राहत आणि उरलेल्या 'अजून किती' एवढंच विचारत. नवी जोडपी हमखास मागे राहायची. त्यांच्यासाठी ती दोनशेचाळिसाव्या पायरीवर थांबून मोठ्याने खाकरायची.

मनोऱ्याच्या पायथ्याशी, उत्तरेकडच्या गल्लीत, एक लाकडी खोपटं होतं. तिथे तिची आई ओनोरीनबाई बसत. त्यांचं वय त्र्याऐंशी, कान जेमतेम, नजर मात्र शाबूत. त्यांच्यामागे एक फळी होती आणि फळीवर बारा खिळ्यांना बारा पितळी बिल्ले. सज्जा बारा माणसांपुरताच असल्यामुळे एका वेळी बारा जणच वर जात. जाताना प्रत्येकाने बिल्ला घ्यायचा, उतरल्यावर परत द्यायचा. बाराही बिल्ले खिळ्यांवर आले की मनोरा रिकामा झाला असं समजून दार लावायचं. सोलांजच्या आजोबांच्या वेळी एक पाहुणा रात्रभर वर अडकला होता, तेव्हापासूनची ही पद्धत.

गावच्या माणसाला बिल्ला नसे. तो काही पाहुणा नव्हे, आपला आपण उतरेल. आणि सोलांजला बिल्ला देण्याचा तर प्रश्नच नव्हता. किल्ली तिच्याच एप्रनच्या खिशात, दार लावणारी तीच. ती मनोऱ्याची होती. मनोऱ्याला कोण बिल्ला देतं?

गाव सोडायचं तिने आयुष्यात दोनदा ठरवलं होतं. बाविसाव्या वर्षी, नर्सिंग शिकायला. निघायच्या आदल्या दिवशी वडील घंटाघरातल्या शिडीवरून पडले, ते पुढची पाच वर्षं खाटेवरच होते. दुसरी वेळ एक्केचाळिसाव्या वर्षी. समुद्रकाठच्या गावात मावसबहिणीचं लग्न होतं, दोनच दिवसांचा प्रश्न. गाडीत बसली, पहिलं स्टेशन फोर्ज आलं, आणि रुमालासाठी खिशात हात घातला तो हाताला मनोऱ्याची किल्ली लागली. वीतभर लांब, पाव किलो वजनाची. दुसऱ्या दिवशी रविवार, घंटा वाजवायला कोणी वर कसं जाणार? ती उतरली आणि समोरच्या फलाटावरच्या उलट्या गाडीने घरी आली. आई म्हणाली, "बरं झालं, लवकर लक्षात आलं." लग्न तिच्याशिवाय लागलं. समुद्र तिने अजूनही पाहिला नव्हता, जरी रोज दहा जणांना ती सांगे, की हवा स्वच्छ असेल तर समुद्र त्या दिशेला आहे असं समजा.

मग दोन उन्हाळ्यांपूर्वी सोआझिग आली. ब्रिटनीच्या किनाऱ्यावर सात खोल्यांचं खाणावळवजा हॉटेल चालवणारी विधवा, अंगाने आडवी, बोलायला मोकळी. एकशे शहाण्णवाव्या पायरीवर तिला घेरी आली आणि तिने भिंत धरली ती सोडेना. वर जाईना, खाली येईना. सोलांजने बाकीच्यांना पुढे पाठवलं आणि तिच्याशेजारी पायरीवर बसून राहिली. दोन तास बसली. पाहुण्यांपैकी कुणाशी ती इतकं बोलली नव्हती. खरं म्हणजे कुणाशीच बोलली नव्हती. मग पत्रं सुरू झाली. महिन्याला एक, कधी दोन. शेवटचं पत्र मार्चमध्ये आलं.

'माझी मदतनीस लग्न करून गेली,' सोआझिगने लिहिलं होतं. 'मागची खोली तुझी. अर्धं काम तुझं, अर्धं माझं, आणि खिडकीतून समुद्र दोघींचा. ईस्टरच्या शनिवारी सकाळी पहिले पाहुणे येतात. शुक्रवारी रात्रीपर्यंत आलीस तर आलीस. नाहीतर भाचीला हो म्हणावं लागेल, तिची आई रोज दारात येऊन उभी असते. आली नाहीस तर मी रागावणार नाही. मला तुझा मनोरा माहीत आहे, मी त्यात अडकले होते.'

सोलांजने उत्तर एका शब्दाचं पाठवलं. 'येते.'

आईला सांगितलं तेव्हा दोघी मसुराचं सार पीत होत्या. मनोऱ्याचं काम चुलतबहीण ल्युसेत आणि तिचा नवरा बघणार होते, ल्युसेत आईजवळच राहायला येणार होती, सगळं ठरलं होतं. ओनोरीनबाईंनी वाटी पुसून घेतली आणि म्हणाल्या, "जा की. मी कुठे धरून ठेवलंय?" त्यानंतर दहा दिवस त्या विषयावर अवाक्षर नाही.

गुड फ्रायडेची सकाळ उजाडली. गाडी दुपारी चार पंचविसाची होती. त्यानंतरच्या गाडीला पुढची जोड नव्हती, ती धरली तर माणूस शनिवारी दुपारी पोचणार. सोलांजने पेटी भरून घराच्या दारातच ठेवली, पेटीवर कोट. मग खोपट्यात जाऊन किल्ली आईपुढे ठेवली.

"ही इथे कशाला?"

"ल्युसेतला दे. मागच्यासारखी माझ्या खिशातून जायला नको."

ओनोरीनबाईंनी किल्ली उचलली, वजन केल्यासारखी तळहातावर धरली आणि फळीशेजारच्या मोठ्या खिळ्याला अडकवली.

त्या दिवशी मनोरा दुपारी दोनलाच बंद व्हायचा, कारण तीनला चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेची, प्रभूच्या शेवटच्या चौदा टप्प्यांची म्हणजे चौदा स्थानांची प्रार्थना असे. शेवटच्या फेरीला नऊ पाहुणे आले. सोलांजने त्यांना नेहमीची वाक्यं सांगितली. ती सांगताना तिला वाटलं, ही आपण शेवटची सांगतोय. घंटाघरात एका आईने मुलाला विचारलं, "आज घंटा का वाजत नाहीत, ठाऊक आहे ना?" मुलगा म्हणाला, "त्या रोमला गेल्यात." मग समोरच्या चार घंटांकडे बोट दाखवून, "मग या कोण?"

"या त्यांची सालं," सोलांज म्हणाली. "आतलं गेलंय. रविवारी परत येईल, तुझ्यासाठी अंडी घेऊन." हे उत्तर तिच्या वडिलांचं होतं. गुरुवारच्या संध्याकाळपासून रविवारपर्यंत मोंतारेलमध्ये घंटा वाजत नाही, आणि पोरांना सांगतात की त्या उडून रोमला गेल्या. वेळ सांगायला पोरं लाकडी खुळखुळे फिरवत गल्लोगल्ली ओरडत जातात. वारा सुटून एखादा टोल चुकून पडू नये म्हणून घंटांचे लोलक चामड्याच्या वादीने तुळईला बांधून टाकतात. ते बांधणं सोलांजचं काम, आणि ती गाठ फक्त तिलाच येत होती.

पाहुण्यांना पुढे घालून ती म्हणाली, "सावकाश उतरा, बिल्ले खाली द्या. मी येतेच." वाद्या एकदा शेवटच्या तपासायच्या होत्या.

घंटाघरात एव्हारिस्त होता. बहात्तर वर्षांचा गवंडी, चाळीस वर्षं या कॅथेड्रलच्या दगडात गेलेली. देव मानत नव्हता आणि ते कुणालाही थांबवून सांगायचा. दर गुड फ्रायडेला, घंटा मुक्या असताना, तो वर येऊन आपण बसवलेले दगड ठोकून बघे. आजही ओनोरीनबाई जेवायला गेल्या असताना सोलांजच्या समोरून तो वर चढला होता. आता पेरेत नावाच्या मोठ्या घंटेखाली ऐसपैस बसून तो सॉसेज कापत होता.

"मस्यु एव्हारिस्त, आज उपासाच्या दिवशीही?"

"मग कधी खाऊ, पोरी? बाकीच्या दिवशी खाल्लं तर त्यात बंड कसलं?"

"आणि हे काय, एका विजारीला कमरेचा पट्टा आणि वर खांद्यावरून गॅलिसही?"

"गवंड्याने एका आधारावर विसंबू नये." त्याने तिच्याकडे तोंड वर करून पाहिलं. "ऐकलं ते खरं का? आज जातेस म्हणे."

"चार पंचविसाच्या गाडीने."

"आई काय म्हणते?"

"काहीच नाही."

"मग बरंच काही म्हणतेय," एव्हारिस्त म्हणाला आणि चाकू पुसून खिशात टाकला.

दोघं रमतगमत उतरले, कारण त्याचा गुडघा तिच्या गुडघ्यापेक्षाही जुना होता. खाली आले तर दार बंद. सोलांजने ओढून पाहिलं. मग ढकललं. मग ती नुसतीच उभी राहिली. आयुष्यात या दाराच्या आतल्या बाजूला ते बंद असताना ती कधी उभी राहिली नव्हती, त्यामुळे आतून ते कसं दिसतं हेच तिला ठाऊक नव्हतं. आतल्या बाजूला कडी नव्हती, कुलपाचं भोकही नव्हतं. ओकच्या जाड फळ्या आणि तीन लोखंडी पट्ट्या.

"नऊ बिल्ले परत आले," ती म्हणाली, "बाराचे बारा झाले, आईने दार लावलं."

"आणि आपण?"

"आपल्याला कुठे बिल्ला असतो?"

एव्हारिस्तने दारावर दोन्ही मुठींनी ठोकलं. मग पाठमोरा होऊन बुटाने. "हे दार मीच बसवलंय," तो दम खात म्हणाला. "तेव्हा फार अभिमान वाटला होता."

अडीच वाजले होते. त्या गल्लीतून एरवीही कुणी जात नसे, आणि आज दुकानं बंद, माणसं घरी आवरून चर्चला निघण्याच्या गडबडीत. दोघं ओरडले. दगडाने आवाज पिऊन टाकला. सोलांजच्या मनात हिशेब चालू होता. टेकडीखालच्या स्टेशनचा जिना उतरायला वीस मिनिटं, पेटीसकट पंचवीस. प्रार्थना संपायला चार वाजून जातील, त्यानंतर माणसं रेंगाळतील, आई हळूहळू चालत येईल.

"मी वर जाते. सज्जातून कोणी दिसेल."

"आता? पुन्हा तीनशे अकरा?"

"तुम्ही बसा इथे."

"एकटा बसून मी काय देवाचं नाव घेऊ?" असं म्हणून तो मागून निघाला.

सज्जात वारा होता. खाली चौक हातरुमालाएवढा दिसत होता आणि त्यात काळ्या कोटांची माणसं मोठ्या दरवाज्याकडे सरकत होती. सोलांज ओरडली. एव्हारिस्त ओरडला. कावळ्यांचा थवा मात्र उडाला. एव्हारिस्तने टोपी फेकली. ती गिरक्या घेत छपराच्या पन्हळीत जाऊन बसली. "सदतीस साली हीच पन्हळ मी साफ केली होती," तो म्हणाला.

तेवढ्यात सोलांजला तिच्या घराचं दार दिसलं. दार उघडलं आणि ओनोरीनबाई बाहेर आल्या. हातात प्रार्थनेचं पुस्तक, डोक्याला काळी जाळी. दार लावून त्या चौकाकडे चालू लागल्या.

सोलांजने ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय झालं?" एव्हारिस्तने विचारलं.

"प्रार्थनेचं पुस्तक आतल्या खोलीत असतं," ती म्हणाली.

"मग?"

"दारात माझी पेटी आहे. पेटीवर कोट आहे. ती ओलांडल्याशिवाय आत जाता येत नाही, बाहेर येता येत नाही."

एव्हारिस्त उगाच सज्जाचा कठडा बोटाने टोकरत राहिला, जसं काही तिथे पाहण्यासारखं होतं. खाली ओनोरीनबाई चौक ओलांडत होत्या. एकदाही त्यांनी मान वर केली नाही. जिच्या नवऱ्याने आणि मुलीने मिळून साठ वर्षं या मनोऱ्यात काढली, ती बाई चौक ओलांडताना वर न बघता गेली असं सोलांजने कधी पाहिलं नव्हतं.

मोठा दरवाजा बंद झाला. थोड्या वेळाने पायांखालून गाणं ऐकू येऊ लागलं. सबंध गाव तिच्या खाली होतं. मध्ये फक्त दगडी कमान, आणि त्या सहाशे माणसांतल्या एकालाही तिचा आवाज पोचणार नव्हता. ती घंटाघरात जाऊन तुळईवर बसली. जिथे एकतीस वर्षं ती रोज आपल्या पायांनी आली होती, तिथेच तिला आज भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या. तिला सोआझिगचा हात आठवला, भिंत धरलेला, नखं पांढरी पडलेली. आपण तेव्हा तिला म्हणालो होतो, भिंत सोडा, ती काही तुम्हाला धरून नाही.

"चल, हसू नकोस," एव्हारिस्त म्हणाला, "पण तुझ्या शेजारी तीन टनांची घंटा टांगली आहे. दोन टोल दे, सगळं गाव धावत येईल."

"आज?"

"का, आज ती गंजली?"

"आज घंटा वाजत नाही." तिने हे अशा सुरात सांगितलं, जशी ती पाहुण्यांना सांगे, की कठड्यावर बसू नका.

सव्वातीन झाले. साडेतीन झाले. एव्हारिस्तने खिशातलं घड्याळ दोनदा काढून पाहिलं आणि तिला दिसू नये म्हणून पाठ फिरवून परत ठेवलं. खाली एकेक स्थान पुढे जात होतं. गाणं, पायांचा सरसराट, गुडघे टेकल्याचा आवाज. नववं, दहावं, अकरावं. सोलांजला ते लहानपणापासून मुखोद्गत होतं.

मग ती उठली आणि पेरेतच्या लोलकाची वादी सोडायला लागली.

गाठ तिने स्वतः गुरुवारी मारलेली, वडिलांनी शिकवल्याप्रमाणे, ओढाल तेवढी घट्ट होणारी. एव्हारिस्त पुढे झाला.

"अगं, मी आपलं म्हटलं. खरंच वाजवणार की काय?"

"तुम्हीच म्हणालात."

"मी काहीही म्हणतो. गावाला माहीत आहे मी काहीही म्हणतो." त्याने तिच्या हातावर हात ठेवला. "माझी नात खाली आहे. क्लोतिल्द. सहा वर्षांची. सकाळी विचारत होती, आजोबा, घंटा आता कुठवर गेल्या असतील. मी सांगितलं, आल्प्स ओलांडले."

"तुम्ही तर काही मानत नाही."

"देव मानत नाही. घंटा रोमला जातात ते मानतो. पोरीपुढे मी खोटा ठरू का?"

"मस्यु एव्हारिस्त," सोलांज म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण त्याने हात काढून घेतला. "माझे वडील म्हणायचे, घंटा दोनच गोष्टींसाठी असते. देवासाठी आणि आगीसाठी. आज देवासाठी वाजवायची नाही. मी देवासाठी वाजवत नाहीये."

गाठ सुटली. वादी तिने खिशात कोंबली. खाली बारावं स्थान आलं होतं. प्रभू क्रूसावर प्राण सोडतो आणि सगळं चर्च गुडघ्यांवर गप्प होतं, ते स्थान. त्या शांततेत कुणाच्या खोकल्याचाही आवाज येत नव्हता. तिने लोलकाची दोरी दोन्ही हातांत धरली, पाय रोवले, आणि ओढली.

पेरेतचा पहिला टोल तिच्या दातांत घुमला. दुसरा, तिसरा. तिने सात दिले. सातव्यानंतर हात खांद्यातून निखळल्यासारखे झाले तेव्हा ती थांबली, आणि घंटा तिच्याशिवाय गुणगुणत राहिली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग खाली बाकं सरकली, मोठा दरवाजा उघडला आणि माणसं चौकात सांडली. सगळ्यांच्या माना वर. काही बायका क्रूसाची खूण करत होत्या. पोरांचे खुळखुळे हातात तसेच राहिले होते. त्या शांततेत एक बारीक, स्वच्छ आवाज वर आला.

"आजोबा, त्या परत आल्या?"

एव्हारिस्त कठड्यावर वाकला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "एकटी पेरेत आली," तो घसा फोडून ओरडला. "काहीतरी विसरली होती, ते घ्यायला आली. चालली पुन्हा." मग हात हलवून, "दार उघडा, तिला घाई आहे."

खाली कुणीतरी हसलं. त्या दिवशी चर्चच्या आवारात ते पहिलं हसू होतं.

दार उघडलं तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती. ओनोरीनबाई किल्ली हातात घेऊन उभ्या होत्या, त्यांच्यामागे चर्चचे मोठे फादर, त्यांच्यामागे निम्मं गाव.

"बाराही बिल्ले आले होते," ओनोरीनबाई म्हणाल्या.

"हो, आई."

"मी मोजले. दोनदा मोजले."

"माझी पेटी दारात होती."

ओनोरीनबाईंनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "होती. मी ओलांडली." मग हळू आवाजात, जसं दोघी घरीच बसल्या होत्या, "एक गाडी चुकली की माणूस राहून जातं. सवय होते. मलाही झाली. मीही इथली नव्हते."

सोलांजला हे ठाऊक होतं आणि तिने त्याचा कधी विचार केला नव्हता. तेवढ्यात फादर पुढे आले.

"मादमोआझेल सोलांज, हे काय झालं ते तुम्हाला मला सांगावं लागेल. आत्ता. बाराव्या स्थानाला, चाळीस वर्षांत मी—"

तिने फादरना कधी थांबवलं नव्हतं. तिचे पाय सवयीने थांबलेसुद्धा. पण एव्हारिस्तने, अजून धापा टाकत, मध्येच खांदा घातला.

"ते मी सांगतो, फादर. आपली तीस वर्षं भेट नाही, बोलण्यासारखं पुष्कळ साचलंय. दार या गवंड्याने फार चांगलं बसवलं, तिथून सुरुवात करतो."

ती घराकडे वळली, तोच आईचा आवाज मागून आला. "पेरेत मोकळी आहे ना? रात्री वारा सुटणार आहे. आपली आपण वाजेल ती. कोण बांधणार?"

हा प्रश्न खरा होता. सोलांज थांबली. एकतीस वर्षं ती अशाच खऱ्या प्रश्नांवर थांबत आली होती.

"मी बांधतो," एव्हारिस्त म्हणाला. "गाठ सोडताना पाहिली. जी सोडता येते ती बांधता येते."

"तुमचा गुडघा?"

"तो येईल माझ्याबरोबर. एकटा कुठे जाणार?" त्याने तिला हाताने हाकललं, कोंबडी हाकलावी तसं. "पळ."

घरी कोट चढवत असताना आई मागोमाग आली. पेटी ओलांडून ती उभी राहिली आणि सोलांजच्या कोटाचं गळ्याजवळचं बटण लावू लागली, शाळेत पाठवताना लावायची तसं. बोटं म्हातारी होती, वेळ लागला. सोलांजने लावू दिलं.

"स्टेशनच्या जिन्यावर खालून चौथ्या पायरीला शेवाळ आहे," ओनोरीनबाई म्हणाल्या. "जपून."

गाडी मिळाली. डब्यात एक शेतकरी जोडपं झोपलं होतं. गाडी टेकडीला वळसा घालून निघाली आणि मनोरा खिडकीत एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे दिसून नाहीसा झाला. सोलांजने मागे वळून पाहिलं नाही. खरं तर ती पुढेही पाहत नव्हती. समोरच्या बाकाच्या लाकडी फटीकडे बघत ती बसली होती, कारण अजून तिला आपण बाहेर आहोत असं वाटत नव्हतं. डब्याच्या भिंतीही जवळच होत्या.

पहिलं स्टेशन आलं, फोर्ज. गाडी थांबली. कपाळाचा घाम पुसायला तिने एप्रनच्या खिशात हात घातला. एप्रन काढायचा राहूनच गेला होता, कोटाच्या आत तसाच. हाताला रुमाल लागला नाही. पेरेतची वादी लागली.

तिने ती मांडीवर काढून ठेवली. चामडं काळं, मऊ, तिच्या वडिलांच्या हातांनी झिजलेलं. समोरच्या फलाटावर मोंतारेलला जाणारी गाडी उभी होती, दारं उघडी. सतरा वर्षांपूर्वी होती तशीच. आत्ता एव्हारिस्त कुठल्या पायरीवर असेल? दोनशेवर असेल, भिंत धरून. तीनशे अकरा चढून वर पोचेल, लोलक धरेल आणि मग त्याच्या लक्षात येईल, की बांधायला हातात काही नाही. बाहेर वारा सुटलेलाच होता. फलाटावरची कागदं उडत होती. रात्रभर पेरेत आपली आपण वाजत राहील आणि गाव म्हणेल, सोलांज होती तेव्हा असं नव्हतं.

ती उठली. पेटीची मूठ धरली. शेतकऱ्याची बायको जागी झाली आणि पाय बाजूला घेत म्हणाली, "उतरताय?"

सोलांज दारापाशी गेली. वादी तिच्या दुसऱ्या हातात होती, पट्ट्यासारखी लोंबत. तिने ती पाहिली. मग तिला डोळ्यांपुढे एव्हारिस्त दिसला, घंटेखाली पाय पसरून बसलेला, सॉसेज कापणारा. कमरेला पट्टा. खांद्यावर गॅलिस. लोलकाला एक, विजारीला एक.

गार्डने शिट्टी घातली.

"नाही," सोलांज म्हणाली. "उभी राहिले होते नुसती."

ती परत येऊन बसली. तिचा चेहरा पाहून शेतकऱ्याच्या बायकोला वाटलं, बाईंना काहीतरी गमतीचं आठवलं असावं, पण विचारणं बरं दिसलं नसतं. समोरची गाडी आधी हलली की आपली, हे थोडा वेळ कळत नव्हतं. मग फोर्जची पाटी मागे सरकू लागली. सोलांजने वादी नीट गुंडाळली, पेटीत कपड्यांच्या खाली ठेवली, आणि कोटाचं गळ्याजवळचं बटण सोडलं.